पाय गेल्यावरचं ताट

मधुमेहात चिघळलेली जखम असो की लोकलखाली झालेला अपघात, पाय कापावा लागला की घरातली सगळी चौकशी दोनच गोष्टींभोवती फिरते: जखम कधी भरणार आणि कृत्रिम पाय कधी बसणार. खाण्यापिण्याचा विषय निघतो तो ‘पथ्य काय पाळायचं’ एवढ्यापुरताच. डिस्चार्ज कार्डावर ‘डायबेटिक डाएट’ किंवा ‘हाय प्रोटीन डाएट’ असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ लावायचं काम बायकोवर, सुनेवर किंवा आईवर येऊन पडतं. या विषयावर गेल्या पन्नासेक वर्षांत झालेलं संशोधन एकत्र ठेवून वाचलं की एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. अशा माणसाच्या आहाराचे दोन वेगळे काळ असतात. पहिला जखम भरेपर्यंतचा, काही आठवड्यांचा किंवा फार तर काही महिन्यांचा. दुसरा त्यानंतरचा, उरलेल्या सगळ्या आयुष्याचा. पहिल्या काळात शरीराची गरज वाढलेली असते, दुसऱ्या काळात ती घटलेली असते. आपल्याकडे मात्र बहुतेक घरांत उलटं घडतं. गरज वाढलेली असते तेव्हा पथ्याच्या नावाखाली माणूस अर्धपोटी राहतो, आणि गरज घटते तेव्हा मायेपोटी त्याला जास्तीचं वाढलं जातं. पाय गमावलेल्या माणसाच्या आहाराचा प्रश्न मुळात या उलट्या क्रमाचा आहे, आणि बाकीचे प्रश्न त्यानंतरचे आहेत, असं माझं मत आहे.

पाय गमावणारी माणसं एकाच प्रकारची नसतात. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात की भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पावलाची संवेदना गेलेली, रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या, चपलेने लागलेलं किंवा खिळा रुतलेला कळलाच नाही, आणि जखम हाडापर्यंत गेली तेव्हा दवाखाना गाठला, अशा मार्गाने येणाऱ्यांची संख्या यातून मोठी होत जाते. दुसरा गट तरुणांचा: रेल्वे, दुचाकी, मळणीयंत्र. तिसरा लहान आणि दुर्लक्षित गट विडी-तंबाखूमुळे हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या बंद पडणाऱ्यांचा, म्हणजे बर्गर रोगाचा. त्यांच्यापुरतं बोलायचं तर तंबाखू सुटल्याखेरीज कुठल्याही आहाराचा उपयोग नाही, आणि त्यात मिश्रीही आली. पासष्टीच्या मधुमेही बाईचं आणि पंचविशीतल्या डिलिव्हरी करणाऱ्या मुलाचं ताट सारखं असणार नाही हे उघड आहे. पण गरज आधी वाढणं आणि मग घटणं हे दोघांच्याही बाबतीत होतं.

पहिल्या काळापासून सुरुवात करू. मांडीतून किंवा पोटरीतून पाय कापणं ही मोठी शस्त्रक्रिया आहे. ती भरून निघताना शरीराला नवी त्वचा, नवे स्नायुतंतू, नव्या रक्तवाहिन्या तयार कराव्या लागतात आणि त्याचं सामान प्रथिनांतून येतं. त्यात मधुमेही रुग्ण टेबलावर येतो तोच आधी कित्येक आठवडे ताप, जंतुसंसर्ग आणि मेलेली भूक सोसून. पोट सुटलेलं असल्यामुळे तो खात्यापित्या घरचा दिसतो, पण दंड आणि मांड्या वितळलेल्या असतात. हे कुपोषण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते बहुधा नोंदलंही जात नाही. निरोगी माणसासाठी राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवलेलं प्रमाण दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज असं आहे. अंथरुणाला खिळून झालेल्या जखमांसाठी जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत हेच प्रमाण १.२ ते १.५ ग्रॅम सांगितलं आहे, आणि मोठ्या शस्त्रक्रियेनंतरही साधारण तेवढंच धरलं जातं. म्हणजे साठ किलोच्या माणसाला दिवसाला ७२ ते ९० ग्रॅम. आता प्रत्यक्षात काय मिळतं ते मोजून पाहावं. सकाळी चहा-बिस्किटं, मग वाटीभर तांदळाची पेज, दुपारी मऊ भात आणि पातळ वरण, चार वाजता चहा, साबुदाण्याची खीर, रात्री पुन्हा पेज. वॉर्डात घरून येणाऱ्या डब्यांत हा बेत अगदी नेहमीचा आहे. त्यातली सगळी प्रथिनं मिळून जेमतेम २५ ग्रॅमच्या आसपास जातात. साबुदाण्यात तर प्रथिनं जवळजवळ नसतातच. तो निव्वळ पिष्ट आहे आणि मधुमेह्याची साखर तो झपाट्याने चढवतो. पोट भरल्यासारखं वाटतं, जखमेला मात्र काही मिळत नाही.

डब्यात जे येत नाही त्याची यादी याहून बोलकी आहे. डाळ वातूळ, हरभरा वातूळ, वांगं नको, अंडं उष्ण, दही आणि लिंबू आंबट, आंबटाने पू होतो. ही समजूत शहरात आणि खेड्यात, शिकलेल्या आणि न शिकलेल्या घरांत सारखीच पक्की आहे. त्यामागे काळजी आहे, आणि ती पाळणारी बाई स्वतः अर्धी झोप घेऊन हे सगळं करत असते, म्हणून तिला दोष देणं मला योग्य वाटत नाही. पण परिणाम काय होतो ते सांगायला हवं. वरण घट्ट करायचं नाही, उसळ नाही, अंडं नाही, दही नाही, म्हणजे शाकाहारी आणि मिश्राहारी अशा दोन्ही घरांतले प्रथिनांचे सगळे स्वस्त मार्ग बंद झाले. लिंबू, आवळा, पेरू नको म्हणजे क जीवनसत्त्व गेलं, आणि त्याच्याशिवाय जखम सांधणारे कोलॅजनचे धागे नीट विणले जात नाहीत. आंबट पदार्थाने जखमेत पू होतो याला कसलाही आधार नाही. पू जंतूंमुळे होतो आणि मधुमेह्यात तो वाढलेल्या साखरेमुळे बळावतो. याउलट ज्याच्यावर मोठी भिस्त असते ते बोकडाच्या पायाचं सूप बरंचसं पाणी, थोडी चरबी आणि जिलेटिन एवढंच असतं. ते प्यायला हरकत नाही, पण त्याने अंड्याची किंवा डाळीची जागा भरून निघत नाही. एक अंडं सहा ग्रॅम, घट्ट वरणाची वाटी सहा-सात, पेलाभर दूध सहा-सात, मूठभर शेंगदाणे सात, २५ ग्रॅम कोरडे सोया चंक्स तेरा. हे सगळं वाण्याकडे मिळतं. भूक नसलेल्या माणसाला एका वेळी ताटभर जाणार नाही, म्हणून दिवसातून सहा वेळा थोडं थोडं द्यावं आणि त्यातल्या प्रत्येक वेळी यांतलं काहीतरी असावं, एवढा साधा नियमही २५ ग्रॅमचे ६०-७० ग्रॅम करू शकतो.

यावर अभ्यासू वाचक एक गंभीर आक्षेप घेईल, आणि तो टाळून चालणार नाही. मधुमेही पावलाच्या जखमांसंबंधी जगभर मानला जाणारा इंटरनॅशनल वर्किंग ग्रुप ऑन द डायबेटिक फुट हा गट २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये म्हणाला की जखम भरावी या उद्देशाने प्रथिनांची किंवा जीवनसत्त्वांची वेगळी पूरकं देऊ नयेत, कारण नेहमीच्या चांगल्या उपचारांपेक्षा त्यांनी जास्त फायदा होतो असं चाचण्यांत दिसलेलं नाही. शिवाय १९८४ सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात घोट्यातून पाय कापलेल्यांपैकी ज्यांच्या रक्तातलं अल्ब्युमिन ३.५ च्या वर होतं त्यांच्या जखमा पुष्कळ चांगल्या भरल्या होत्या. पण आज अल्ब्युमिन हे पोषणापेक्षा शरीरातल्या दाहाचं निदर्शक मानतात, त्यामुळे तो आधारही पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही. हे दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत. पण ते नेमकं काय सांगतात ते नीट पाहायला हवं. त्या चाचण्या रोजचं जेवण चालू असलेल्या माणसाला वरून पावडरचा डबा दिल्याने काय होतं हे तपासतात. रोजचं जेवणच २५ ग्रॅमवर आलेल्या माणसाबद्दल त्या काही सांगत नाहीत. महागडी पावडर घेऊ नका हा त्यांतून निघणारा निष्कर्ष बरोबर आहे, आणि कर्ज काढून तसे डबे आणणाऱ्या घरांना तो ठणकावून सांगितलाही पाहिजे. डाळ-अंडं बंद करा असा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप मूत्रपिंडांचा आहे, आणि तो जास्त खरा आहे. ज्याच्या पायाच्या रक्तवाहिन्या मधुमेहाने बिघडल्या त्याची मूत्रपिंडंही अनेकदा बिघडलेली असतात, आणि तिथे प्रथिनं दर किलोला ०.८ ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगतात. जखमेला एक हवं आणि मूत्रपिंडाला दुसरं, अशी ही ओढाताण असते. तिचं उत्तर क्रिएटिनिनचा आकडा समोर ठेवून डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांनी मिळूनच काढायचं असतं; घरच्या घरी ते निघत नाही. मात्र वॉर्डात भेटीला येणारा प्रत्येक जण जे शहाळं घेऊन येतो, त्यात ४०० ते ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं हे घरच्यांना कुणीतरी सांगितलं पाहिजे. मूत्रपिंडं अधू असलेल्याला दिवसातून तीन शहाळी हा औषधाइतकाच गंभीर डोस होतो. आणखी एक धोका तर फारच थोड्या घरांना माहीत असतो. सडलेला, जंतुसंसर्ग झालेला भाग कापून काढला की शरीरावरचा ताण उतरतो आणि इन्सुलिनची गरज काही दिवसांत खाली येते. आधीचाच डोस चालू, भूक नाही, पथ्यामुळे जेवण निम्मं, अशा वेळी पहाटे साखर एकदम घसरते. घाम, थरथर, गोंधळ, आणि अशा अवस्थेत सवयीने नसलेल्या पायावर उभं राहायला गेलेला माणूस थेट ताज्या जखमेवर पडतो. अर्धपोटी ठेवण्याची अशी किंमत मोजावी लागते.

आता दुसरा काळ. टाके निघाले, सूज उतरली, माणूस घरी आला. इथे एक तर्क नेहमी केला जातो: कृत्रिम पायाने चालायला जास्त शक्ती लागते, म्हणून खाणंही जास्त हवं. तर्काचा पहिला भाग खरा आहे. गुडघ्याखाली पाय गेलेल्या धडधाकट माणसाला तेवढंच अंतर चालायला साधारण पाव पट जास्त ऊर्जा लागते. मांडीतून गेला असेल तर ६० टक्क्यांपासून, रक्तवाहिन्यांच्या विकाराच्या वृद्ध रुग्णांत, दुपटीपर्यंत. पण कॅलिफोर्नियात रॉबर्ट वॉटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली मोजून दाखवलं की ही माणसं आपसूक वेग कमी करतात, इतका की मिनिटाला खर्च होणारी ऊर्जा जवळजवळ पूर्वीइतकीच राहते. आणि दिवसाची चाल तर फारच घटते. मैलामागे जास्त खर्च, पण मैलच कमी. हिशेब शेवटी खालीच येतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकाप्रमाणे बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २,११० कॅलरी पुरतात, मध्यम कष्ट करणाऱ्याला २,७१० लागतात, जड काम करणाऱ्याला ३,४७०. भाजीची गाडी ढकलणारा किंवा बांधकामावरचा माणूस खुर्चीवर बसला की त्याची गरज किमान ६०० कॅलरींनी उतरते. ६०० कॅलरी म्हणजे ज्वारीच्या सुमारे तीन भाकऱ्या. भूक मात्र शरीराच्या सवयीने येते, ताट आईच्या सवयीने वाढलं जातं, आणि त्या तीन भाकऱ्या ताटातून जात नाहीत.

याचे परिणाम नोंदलेले आहेत. रशियात कुर्दिबायलो यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत गुडघ्याखाली पाय गेलेल्यांमध्ये ३७.९ टक्के, मांडीतून गेलेल्यांमध्ये ४८ टक्के आणि दोन्ही पाय गमावलेल्यांमध्ये ६४.२ टक्के लोक स्थूल आढळले. जितका पाय जास्त गेला तितकं वजन जास्त चढलं. इस्रायलमध्ये युद्धात पाय गमावलेल्या २०१ सैनिकांचा २४ वर्षं मागोवा घेतला गेला. ही जखमी झाली तेव्हा तरुण, निरोगी माणसं होती. तरीही त्यांच्यातले २१.९ टक्के त्या काळात गेले. तुलनेसाठी घेतलेल्या गटात हे प्रमाण १२.१ टक्के होतं, आणि फरक मुख्यतः हृदयविकाराचा होता. जे हयात होते त्यांच्या रक्तात इन्सुलिनचं प्रमाण जास्त सापडलं. याचा सगळा दोष खाण्यावर टाकता येणार नाही. बसून राहणं आणि मनावरचा ताण हेही त्यात आहेतच. पण अपघातात पाय गेलेल्या पंचविशीच्या मुलाला ‘तुला कुठे शुगर आहे, खा’ असं जे सांगितलं जातं, ते किती धोक्याचं आहे हे या आकड्यांवरून कळतं. मधुमेहात पायाचा मोठा भाग गेलेल्यांची स्थिती याहून कठीण: पाच वर्षांत निम्म्याहून जास्त माणसं जगाचा निरोप घेतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना हृदय आणि रक्तवाहिन्याच दगा देतात. त्यांचा आहार म्हणजे उरलेला पाय आणि हृदय वाचवण्याचा उपचार आहे.

वजन चढतंय हे वेळेवर कळत का नाही? कारण काटा खोटं सांगतो. गुडघ्याखालचा पाय पावलासह शरीराच्या वजनाच्या सुमारे ५.९ टक्के असतो आणि अख्खा पाय १६ टक्के. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचं वजन साठ किलो भरलं तर त्याचा बीएमआय २२ येतो, म्हणजे उत्तम. पण त्याचा पाय पोटरीतून कापलेला असेल तर ६० ला ०.९४१ ने भागून खरं तुलनेचं वजन ६३.८ किलो येतं, आणि बीएमआय होतो २३.४. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जादा वजन धरतात. अख्खा पाय गेला असेल तर तेच साठ किलो ७१.४ किलोच्या तोडीचे आणि बीएमआय २६.२, म्हणजे सरळ स्थूलपणात. इतका सोपा भागाकार, पण ओपीडीच्या केसपेपरवर तो क्वचितच केलेला दिसतो. त्यातच कृत्रिम पायाचं सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो साचा, ज्या मापाने बनवलेलं असतं त्याहून मांस वाढलं की ते घट्ट होतं, त्वचा घासली जाते, फोड येतो. फोड आला की पाय काढून ठेवायचा, काढून ठेवला की बसून राहायचं, बसलं की वजन आणखी वाढतं. खारट खाण्याने येणारी सूजही हेच करते. सकाळी बसलेला पाय संध्याकाळी चढत नाही त्यामागे कधी कधी पापड, लोणचं आणि फरसाण असतं. उलट घाईघाईने उपाशी राहून वजन उतरवलं तर सॉकेट सैल होतं, उरलेल्या पायाचा बुंधा आत खाली घसरतो आणि हाडाच्या टोकाला मार बसतो. म्हणून वजन महिन्याला किलो-दीड किलो अशा सावकाश चालीने उतरावं, आणि प्रथिनं त्या काळातही कमी होऊ नयेत, नाहीतर जे झिजतं ते पोट नसून मांडी असते.

मग कमी काय करायचं? इंडियाबच्याच आणखी अलीकडच्या विश्लेषणानुसार भारतीय माणसाच्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात आणि प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के. घरी बसलेल्या माणसाच्या दिवसाकडे पाहिलं तर या ६२ टक्क्यांतला फुकटचा भाग चटकन सापडतो. जो येईल त्याच्याबरोबर चहा, प्रत्येक कपात दोन चमचे साखर, सोबत मारी किंवा खारी. टीव्हीसमोर शेव-चिवडा. संकष्टीला आणि एकादशीला साबुदाणा खिचडी, आणि उपास म्हणून ती पोटभर. डिंकाचे लाडू बाळंतिणीसारखे महिनोन्‌महिने. पाहुण्यांच्या सहा चहांतली साखर निघाली आणि फरसाण आठवड्यातून एकदावर आलं, तर तीन भाकऱ्यांतल्या दोन ताटात राहू शकतात. मला हा मार्ग भाकरी हिसकावण्यापेक्षा जास्त टिकाऊ वाटतो, कारण भाकरीभोवती माणसाचं जेवल्याचं समाधान असतं. ताटात आधी भाजी, कोशिंबीर आणि घट्ट वरण किंवा उसळ वाढावी, भात शेवटी आणि थोडा. उपास सोडवत नसेल तर राजगिरा, दाणे, ताक यांच्यावर करावा, आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या शाकाहारी माणसाने बी-१२ तपासून घ्यायलाच हवं. मेटफॉर्मिनने ते कमी होतं, शाकाहारात मुळात कमी असतं, आणि त्याच्या अभावाने होणारा मज्जातंतूंचा विकार उरलेल्या पावलाची संवेदना आणखी बधिर करतो.

सगळ्यात अवघड आक्षेप माणुसकीचा आहे. इतकं गमावलेल्या माणसाच्या तोंडचा घासही मोजायचा का? त्याला काय थोडे दिवस उरलेत, खाऊ दे की. या बोलण्यामागचं दुःख खरं आहे आणि खाण्यातला आनंद ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पण ज्याच्या नावाने हे बोललं जातं त्याला बहुतेक वेळा स्वतःच्या पायांनी संडासला जायचं असतं, दुकानात बसायचं असतं, दुसरा पाय टिकवायचा असतो. जादा दहा किलो त्याच्याकडून हे सगळं काढून घेतात. शिवाय जेवणाच्या निर्णयात त्याला कुणी विचारतच नाही. आधी पथ्य त्याच्या वतीने ठरतं आणि नंतर लाडही. त्याच्यासमोर आकडे ठेवले, हा बीएमआय, ही साखर, हे सॉकेटचं माप, तर कुठला घास ठेवायचा आणि कुठला सोडायचा हे तो स्वतः ठरवू शकतो. मला वाटतं, त्याचा सन्मान तिथे आहे.

बाई पाय गमावते तेव्हा प्रश्नाचं रूपच बदलतं. ती ताट वाढणारी असते. ओट्याशी तासभर उभं राहणं जमत नाही म्हणून स्वयंपाक उरकता होतो, स्वतःचं जेवण शेवटी आणि उरलेल्यातलं. संडास लांब असेल किंवा उकिडवं बसावं लागत असेल तर ती पाणीच कमी पिते, त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग आणि बद्धकोष्ठता होते आणि त्या भीतीने जेवणही आखडतं घेतलं जातं. वजन उतरतं, पण ते चुकीच्या कारणाने. अशा घरात आहाराच्या सल्ल्याआधी उंच स्टूल, कमोडची खुर्ची आणि स्वयंपाकात दुसऱ्या कुणाचा तरी हात यांची सोय लागते. १९६८ साली रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फुट घडवला तो इथली माणसं मांडी घालून बसतात, उकिडवी बसतात, अनवाणी चालतात हे ध्यानात घेऊन. ती माणसं काय खातात आणि कोण रांधतं याचा असाच विचार पुनर्वसनात अजून आलेला नाही.

तो विचार आणायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून आहे, मुंबईत हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे, आणि गावोगाव कृत्रिम पायांची शिबिरं होत असतात. माप घ्यायला आलेला प्रत्येक माणूस तिथे पुन्हा येतोच: सॉकेट बदलायला, पट्टा दुरुस्त करायला. प्रत्येक खेपेला त्याचं वजन घ्यावं, तेही एकाच पद्धतीने, म्हणजे नेहमी कृत्रिम पाय काढून किंवा नेहमी घालून; घालून घेतलं तर पायाचं वजन वजा करावं, कारण तो दीड ते तीन किलोचा असतो. उभं राहता येत नसेल तर खुर्चीसकट वजन करून रिकाम्या खुर्चीचं वजा करता येतं. मग ०.९४१, ०.८४ किंवा कापलेल्या जागेप्रमाणे जो आकडा असेल त्याने भागून तो कार्डावर लिहावा, शेजारी मागच्या खेपेचा. त्या कार्डावर सॉकेटच्या मापाइतकीच जागा या एका आकड्याला मिळाली, तर घरी ताट वाढणाऱ्या बाईला पहिल्यांदा काहीतरी ठोस हातात मिळेल.